टपाल घरात ठेवता येतं, घरातून पाठवता येत नाही

घर नाशिकचं. नवरा-बायको दोघंही वास्तुविशारद, काम घरूनच. दोन मुलं आणि आजोबा धरून पाच मेलबॉक्स. डोमेन स्वतःचं, बरंच जुनं. मेल आजवर गूगल वर्कस्पेसवर, त्यातला सगळ्यात फुगलेला मेलबॉक्स १४ जीबीचा. दिवसाला दीडशेच्या आसपास मेल येतात, वीसेक जातात, पण त्या विसांत चार-पाच पीडीएफ नकाशे असतात, १५ ते २० एमबीचे. इंटरनेट स्थानिक केबलवाल्याचं, १०० एमबीपीएस फायबर. इच्छा एवढीच की पत्रव्यवहार आपल्या घरातल्या डिस्कवर असावा.

हे कुणा एका घराचं वर्णन नाही. घरच्या कनेक्शनवर मेल सर्व्हर मांडताना जे अडसर हटकून येतात, ते एका घरात बसवून दाखवले आहेत. आकडे, सेटिंग आणि बिघाड मात्र जसे येतात तसेच.

मशीन हा या प्रकरणातला सर्वांत सोपा भाग. जुना मिनी पीसी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, त्यावर डेबियन लिनक्स. मेल घ्यायला-द्यायला पोस्टफिक्स हा प्रोग्राम, आयमॅपला (फोन-संगणकावरून मेलबॉक्स वाचायची पद्धत) डव्हकॉट. रास्पबेरी पायवरही पाच जणांचं मेल आरामात चालतं, मात्र एसडी कार्डावर मेल ठेवू नये. सतत बारीकसारीक लिहिणं चालू राहतं आणि कार्ड एक दिवस न सांगता मरतं. मिनी पीसी सरासरी १० वॅट ओढतो असं धरलं तर महिन्याला ७.२ युनिट, म्हणजे विजेच्या बिलात फरकही कळणार नाही. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होईल असं सेटिंग तेवढं करायचं. ते राहिलं, की दुपारी अडीचला वीज जाऊन तीनला येते आणि सर्व्हर रात्री कुणीतरी बटण दाबेपर्यंत झोपलेला असतो.

पहिला प्रयत्न: थेट घरातून

राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) पाहिला तर तो १००.७१ ने सुरू होणारा. इथेच अर्धा निकाल लागला. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली खास इंटरनेट कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठी (अनेक घरांनी एकच पत्ता वापरणं) राखून ठेवलेला आहे. त्याला सीजीनॅट म्हणतात. शेकडो घरं एका सार्वजनिक आयपीमागे बसलेली असतात, त्यामुळे बाहेरून कुणी पोर्ट २५ वर, म्हणजे मेल सर्व्हर एकमेकांना पत्रं देतात त्या वाटेवर, दार ठोठावलं तरी ते कुणाच्या घराचं, हे ठरवायला जागाच नसते. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (आलेलं कनेक्शन घरातल्या मशीनकडे वळवणं) कितीही करा, फॉरवर्ड करायला पलीकडून काही येतच नाही. काही कंपन्या या पट्ट्याऐवजी १० ने सुरू होणारा आयपी देतात, अर्थ तोच. राउटरवरचा आयपी आणि 'माझा आयपी काय' असं सांगणाऱ्या साइटवरचा आयपी वेगळे दिसले, की समजावं.

मग स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा स्वतःचा सार्वजनिक, आयपी घेतला. जादा पैसे मोजून तो मिळतो आणि मेल आत येऊ लागतं. डीएनएसमध्ये (डोमेनची नावं आणि पत्ते सांगणारी इंटरनेटची वही) एमएक्स नोंद, म्हणजे या डोमेनची पत्रं कुणाकडे द्यायची ती नोंद, सर्व्हरच्या नावाकडे वळवली (एमएक्समध्ये आयपी लिहायचा नसतो, नाव लिहायचं, आणि ते नाव सीनेम, म्हणजे दुसऱ्या नावाचं टोपणनाव, असता कामा नये), बाहेरून चाचणीचं पत्र टाकलं, दहा सेकंदांत पोहोचलं. घरात आनंदीआनंद. इथे थांबता आलं असतं तर हे प्रकरण एका पानात संपलं असतं.

जाणाऱ्या पत्रांचं तसं नाही. पहिली तपासणी टेलनेट या आज्ञेने: जीमेलच्या मेल सर्व्हरच्या पोर्ट २५ ला जोडून पाहायचं. '२२०' ने सुरू होणारी स्वागताची ओळ आली तर रस्ता खुला. काहीच न येता कर्सर लुकलुकत राहिला, तर कंपनीने बाहेर जाणारं २५ बंद ठेवलं आहे. त्यात त्यांचं चुकत नाही. व्हायरस लागलेले घरगुती संगणक याच पोर्टातून स्पॅम ओकतात. अर्ज-विनंत्या करून पोर्ट उघडून घेतलं, तरी पुढे दोन भिंती उभ्या.

पहिली भिंत पीटीआरची, म्हणजे आयपीवरून नाव सांगणाऱ्या उलट नोंदीची. पत्र घेणारा सर्व्हर आयपीवरून उलट नाव शोधतो, मग त्या नावावरून पुन्हा आयपी शोधतो, आणि दोन्ही जुळतात का पाहतो. डोमेन तुमचं असलं तरी उलट नोंद आयपीच्या मालकाच्या हातात, म्हणजे कंपनीच्या. तक्रार केंद्रात फोन उचलणाऱ्याला पीटीआर म्हणजे काय हे माहीत असेलच असं नाही. तो बहुधा राउटर बंद करून चालू करायला सांगेल. नोंद नसेल तर जीमेल ५५०-५.७.२५ असा कोड देऊन पत्र परत करतं. नोंद आहे, पण 'स्टॅटिक' हा शब्द आणि आयपीचे चार आकडे जोडून बनलेलं कंपनीचं ठरीव नाव आहे, तर अनेक सर्व्हर त्यालाही घरगुती ग्राहक समजतात.

दुसरी भिंत स्पॅमहॉस या काळ्या याद्या ठेवणाऱ्या संस्थेच्या पीबीएल यादीची. ही गुन्हेगारांची यादी नव्हे. ज्या आयपींनी थेट मेल पाठवणं अपेक्षितच नाही अशा, मुख्यतः घरगुती, पट्ट्यांची ती यादी आहे. यादीत असण्यासाठी आपण काहीही वाईट करावं लागत नाही. तपासताना उत्तर १२७.०.०.१० आलं तर पट्टा खुद्द इंटरनेट कंपनीने नोंदवलेला आहे, ११ आलं तर स्पॅमहॉसने स्वतः. स्टॅटिक आयपीला यातून नाव काढून घेण्याची सोय आहे, मात्र कंपनीने स्वतः नोंदवलेल्या पट्ट्यात ती चालेलच असं नाही.

या दोन्ही भिंती एखाद्याने पार केल्या, तरी शेजारचे अडीचशे आयपी तसेच राहतात. घरगुती पट्ट्यातल्या एकुलत्या एका सभ्य आयपीची पत ही शेजाऱ्यांवर ठरते. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: स्टॅटिक आयपीवर पैसे घालू नयेत. तेच पैसे बाहेर एक लहान व्हीपीएस (डेटा सेंटरमधला भाड्याचा आभासी संगणक) घेण्यात घालावेत. पत्रं घरात राहतील, फक्त पोस्टमन बाहेर उभा राहील.

पोस्टमन कुठे उभा करायचा

लहानात लहान व्हीपीएस पुरतो: १ जीबी रॅम, २० जीबी डिस्क, महिन्याला साधारण चारशे ते सहाशे रुपये. पण घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, बाहेर जाणारं पोर्ट २५ उघडं आहे का? ॲमेझॉनच्या ईसी२ वर ते मुळात बंद असतं आणि अर्ज भरून उघडून घ्यावं लागतं. गूगल क्लाउडवर बहुतेक खात्यांना ते मिळतच नाही. हेट्झनरकडे नव्या खात्याला सुरुवातीला बंद असतं, पहिलं बिल भरल्यावर मागता येतं. वर्षभराचे पैसे भरून मग हे कळलं, असं होऊ नये. दुसरी गोष्ट, पीटीआर नोंद स्वतः बदलता येणारं पॅनेल हवं.

आयपी हातात पडल्याबरोबर काळ्या याद्यांमध्ये तपासायचा. आधीच्या भाडेकरूची पापं नव्याच्या माथी येतात. ताशी बिल असलेल्या ठिकाणी हे सोपं जातं: आयपी डागाळलेला निघाला तर मशीन मोडायचं आणि दुसरं घ्यायचं. अशी दोन-तीन मशीनं मोडावी लागली तरी वाईट वाटून घेऊ नये. यूसीईप्रोटेक्टच्या तिसऱ्या पातळीच्या यादीत मात्र कंपनीचं अख्खं नेटवर्कच घालतात, तिच्याकडे दुर्लक्ष केलेलं बरं. पैसे भरून नाव काढून घेण्याच्या फंदात तर पडूच नये.

या प्रकरणात व्हीपीएसचा आयपी २०३.०.११३.२५ धरू. घर आणि व्हीपीएस यांच्यामध्ये वायरगार्डचा बोगदा, म्हणजे दोन मशीनांमधली एन्क्रिप्ट केलेली खासगी जोडणी: व्हीपीएसचं टोक १०.८.०.१, घरचं टोक १०.८.०.२. जोडणी नेहमी घराकडून सुरू होते, म्हणून सीजीनॅट आड येत नाही. बोगदा झोपू नये यासाठी घरच्या टोकाला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद.

दुसरा प्रयत्न, आणि उघडं पडलेलं दार

बोगदा झाल्यावर पहिला मोह होतो तो असा: व्हीपीएसवर आयपीटेबल्सने (लिनक्सच्या फायरवॉलने) पोर्ट २५ उचलून सरळ १०.८.०.२ वर ढकलायचं, आणि परतीचा रस्ता चुकू नये म्हणून सोबत मास्करेड लावायचं. इंटरनेटवरच्या निम्म्या लेखांत हेच दिलेलं असतं. ते चालतंही. फक्त घरच्या पोस्टफिक्सला आता जगातलं प्रत्येक कनेक्शन १०.८.०.१ वरून आलेलं दिसतं. मास्करेडने मूळ पत्ता पुसून टाकलेला असतो.

व्हीपीएस आपलाच, म्हणून पोस्टफिक्सच्या 'मायनेटवर्क्स'मध्ये (आपल्या मशीनांच्या यादीत) १०.८.०.०/२४, म्हणजे बोगद्याचा अख्खा पट्टा, लिहून ठेवलेलं असतं. मायनेटवर्क्समधल्यांना पासवर्डशिवाय कुठेही पत्र पाठवायची मुभा. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की सगळं जग 'आपलंच' होतं. याला ओपन रिले म्हणतात. लॉगमध्ये हे असं दिसतं: पाठवणारा अनोळखी, घेणारा अनोळखी, क्लायंट १०.८.०.१, आणि अशा ओळी सेकंदाला चार. मेलक्यू (रांग दाखवणारी आज्ञा) चालवलं की यादी पडद्यावरून धावत सुटते. पोर्ट २५ चाचपत फिरणारे बॉट दिवसरात्र चालू असतात, दार उघडं सापडायला त्यांना फार वेळ लागत नाही. आयपीची पत मात्र एका रात्रीत जाते आणि परत यायला आठवडे लागतात.

असं दिसलं की आधी पोस्टफिक्स थांबवायचं, मग 'पोस्टसुपर'ने रांगेतला कचरा पुसायचा, मग कारण शोधायचं. उलट्या क्रमाने गेलं तर कारण सापडेपर्यंत आणखी काही हजार पत्रं निघून जातात.

मास्करेड असताना आणखी एक नुकसान होतं. एसपीएफ (डोमेनची पत्रं कोणते आयपी पाठवू शकतात ती नोंद) आणि काळ्या याद्यांच्या तपासण्या मूळ आयपीवरच चालतात, तो दिसेनासा झाला की स्पॅम गाळायचं अर्धं साधन गेलं.

शेवटी बसलेली मांडणी

व्हीपीएसवरही एक पोस्टफिक्स ठेवला. एमएक्स त्याच्याकडे. तो पत्र घेतो, तपासतो, आणि 'ट्रान्सपोर्ट मॅप्स'मधून बोगद्याने घरी देतो. घरून निघालेलं पत्र 'रिलेहोस्ट' म्हणून १०.८.०.१ कडे जातं आणि तिथून जगात. व्हीपीएसच्या मायनेटवर्क्समध्ये फक्त १०.८.०.२, अख्खा पट्टा नाही. घरच्या मायनेटवर्क्समध्ये बोगद्याचा पत्ताच नाही. स्वतःच्या डोमेनची पत्रं घ्यायला त्याची गरज नसते.

यात एक तडजोड आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. पत्र काही सेकंद व्हीपीएसच्या डिस्कवर उघडं असतं. ज्याला हे मुळीच चालत नसेल त्याने मास्करेड न लावता पोर्ट ढकलावं आणि टीएलएस (वाटेतलं एन्क्रिप्शन) घरीच संपवावं. पण मग घरची वीज गेली की रांग धरायला मध्ये कुणी नाही. तरी घाबरण्याचं कारण नाही: पाठवणारे सर्व्हर स्वतःही चार-पाच दिवस प्रयत्न करत राहतात. पोस्टफिक्सची मूळ मुदत ५ दिवसांची, दोन प्रयत्नांमधलं अंतर ३०० सेकंदांपासून वाढत ४००० सेकंदांपर्यंत. म्हणून दोन तासांच्या भारनियमनात कुणाचंही पत्र हरवत नाही. दुसऱ्या क्रमांकाचा राखीव एमएक्स लावायची गरजही याच कारणाने नसते. तो लावला की स्पॅमवाले आधी त्याच्याच दारात येतात.

युपीएसबद्दल एक कानमंत्र. सर्व्हर, राउटर आणि फायबरचा ओएनटी (फायबर घरात येऊन मिळतो तो डबा) तिन्ही युपीएसवर घातले तरी केबलवाल्याची नाक्यावरच्या खांबावरची पेटी विजेवर चालत असेल तर नेट जातंच. मोठ्या युपीएसचा उपयोग एवढाच की मशीन नीट बंद होतं.

व्हीपीएसवरच्या पोस्टफिक्सला घरी कोणकोणते पत्ते आहेत हे सांगावं लागतं. 'रिले रेसिपियंट मॅप्स' रिकामं ठेवलं तर तो डोमेनच्या कुठल्याही काल्पनिक पत्त्याची पत्रं घेतो, घरचा सर्व्हर ती नाकारतो, आणि मग व्हीपीएस 'पोहोचलं नाही' असं उत्तर पाठवणाऱ्याला धाडतो. स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असतो, त्यामुळे हे उत्तर भलत्याच निरपराध माणसाच्या दारात जातं. अशी उत्तरं वाढली की आपलाच आयपी यादीत. पाच पत्ते हाताने लिहायला पाच मिनिटं लागतात.

पत्राच्या आकाराची मर्यादाही दोन्हीकडे सारखी हवी. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट, म्हणजे दहा एमबीच्या आसपास. जोडपत्र बेस६४ मध्ये (मेलमधून जाण्यासाठी फाइलचं अक्षरांत रूपांतर) बांधलं की साधारण ३७ टक्के फुगतं, १८ एमबीचा नकाशा पावणेपंचवीस एमबीचा होतो. व्हीपीएसवर मर्यादा वाढवली आणि घरी विसरलं, तर व्हीपीएस पत्र घेतो आणि नंतर परत करतो. दोन्हीकडे ५,२४,२८,८०० ठेवली.

सह्या आणि नोंदी

एसपीएफमध्ये एकच आयपी, व्हीपीएसचा, आणि शेवटी बाकी सगळ्यांना नकार. गूगल सोडल्यावर त्याची 'इन्क्लूड' नोंद काढायची आठवण ठेवावी. एका एसपीएफमध्ये डीएनएसच्या दहा चौकशांपलीकडे जाता येत नाही, पण या घराला त्याची चिंता नाही.

डीकेआयएमची, म्हणजे प्रत्येक पत्रावरच्या डिजिटल सहीची, किल्ली २०४८ बिटची. सार्वजनिक भाग चारशेच्या आसपास अक्षरांचा होतो आणि डीएनएसच्या टीएक्सटी नोंदीतला एक तुकडा २५५ अक्षरांपलीकडे जात नाही. म्हणून ती दोन अवतरणांत तोडून लिहायची. काही डोमेन पॅनेल स्वतः तोडतात, काही गुपचूप शेपूट कापून टाकतात. 'डिग' या आज्ञेने नोंद वाचून मूळ किल्लीशी शेवटची दहा अक्षरं ताडून पाहिली की कळतं.

डीमार्कची (वरच्या तपासण्यांत नापास झालेल्या पत्रांचं काय करायचं ते सांगणारी नोंद) सुरुवात 'नन', म्हणजे काही करू नका, या धोरणाने, अहवाल येतील असा पत्ता देऊन. दोन-तीन आठवडे अहवाल पाहिले की विसरलेली पाठवणारी ठिकाणं सापडतात. इथे निघालं ते ऑफिसच्या वेबसाइटवरचं चौकशीचं फॉर्म, जे वेबहोस्टवरून डोमेनच्या नावाने पत्रं पाठवत होतं. त्याला घरच्या सर्व्हरचं लॉगिन देऊन मगच धोरण 'क्वारंटीन'वर, म्हणजे स्पॅममध्ये टाका, नेलं.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने हे सगळ्यांनाच लागू केलं: प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम, जुळणारं पीटीआर आणि टीएलएस हवंच. दिवसाला ५,००० पेक्षा जास्त पत्रं जीमेलला पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे. वीस पत्रांच्या घराला तिसरं सक्तीचं नाही, तरी लावावं.

एवढं करूनही पहिले काही आठवडे पत्रं स्पॅममध्ये जाऊ शकतात, विशेषतः आउटलुक-हॉटमेलच्या पत्त्यांवर. आयपी नवा, पत्रं मोजकी, मत बनवायला त्यांच्याकडे काही नाही. जीमेलच्या पोस्टमास्टर टूल्समध्येही इतक्या कमी पत्रांना आलेख रिकामाच दिसतो. नेहमीच्या ग्राहकांना फोन करून 'स्पॅममधून काढून एक उत्तर पाठवा' म्हणावं, त्याने जितका फरक पडतो तितका कुठल्याही सेटिंगने पडत नाही. महत्त्वाची निविदा मात्र पहिल्या महिन्यात या पत्त्यावरून पाठवू नये.

पीटीआर आयपीव्ही४ ला (जुन्या पद्धतीच्या पत्त्याला) लावून आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा) विसरणं ही नेहमीची चूक. आयपीव्ही६ मिळालं की पोस्टफिक्स कधी ते वापरतो, कधी आयपीव्ही४, आणि आयपीव्ही६ वरून गेलेलं पत्र जीमेल परत करतं. मग पत्रं कधी जातात, कधी जात नाहीत. एक तर दोन्हीला पीटीआर लावावी, नाहीतर व्हीपीएसच्या पोस्टफिक्सला बाहेर जाताना आयपीव्ही४ पुरतंच ठेवावं.

चार बिघाड, जे सेटिंगच्या पुस्तकात नसतात

छोटी पत्रं जातात, नकाशे अडकतात. घरच्या लॉगमध्ये ओळ: पत्राचा मजकूर पाठवताना १०.८.०.१ शी बोलणं वेळेअभावी तुटलं. संशय डिस्कवर जातो, पोस्टफिक्सवर जातो. दोष असतो पाकिटाच्या मापात. वायरगार्डचा मूळ एमटीयू (एका पाकिटाचं कमाल माप, बाइटमध्ये) १४२०. बोगदा आयपीव्ही६ वरून जात असेल तर वर ८० बाइटचं वेष्टन, एकूण १५००. पण घरचं कनेक्शन पीपीपीओईचं (राउटरने लॉगिन करून जोडायची पद्धत), त्याची कमाल १४९२. आठ बाइट जास्त. 'पाकीट मोठं झालं' असं सांगणारा आयसीएमपीव्ही६ संदेश वाटेतल्या फायरवॉलने गिळलेला, म्हणून कुणालाच काही कळत नाही. छोटं पत्र १५०० पर्यंत पोहोचतच नाही, म्हणून ते सुखरूप जातं. तपासणी अशी: तुकडे करायला मनाई करून बोगद्यातून पिंग. १३९२ बाइटचं पिंग अडकतं, १३८० चं जातं. दोन्ही टोकांना एमटीयू १४०० केला, नकाशे सुटले. फायरवॉलमध्ये आयसीएमपीव्ही६ सरसकट बंद करू नये, हेही त्याच वेळी दुरुस्त केलं.

घरात मेल चालतं, बाहेर सगळ्यांचं एकदम बंद. दहा मिनिटांनी आपोआप चालू, परत बंद. फोनवर बाहेरून आयमॅप मिळावं म्हणून व्हीपीएसचं पोर्ट ९९३ बोगद्यातून घरी ढकललेलं, मास्करेडसह. आजोबांनी पासवर्ड बदलला. कपाटातल्या जुन्या टॅबलेटला तो कुणी सांगितला नाही. टॅबलेट चार्जिंगला लागला की जुना पासवर्ड घेऊन दार ठोठावतो, तेही शेजारच्या वायफायवरून, म्हणजे बाहेरच्या वाटेने. फेल२बॅन या पहारेकरी प्रोग्रामने दहा मिनिटांत पाच चुका मोजल्या आणि पत्ता बंद केला. पत्ता कुठला, तर १०.८.०.१, कारण मास्करेडनंतर सगळ्यांचा पत्ता तोच. बंदीची मूळ मुदत १० मिनिटं, म्हणून हा लपंडाव. घरातले फोन स्थानिक पत्त्यावरून जोडलेले, त्यांना झळ नाही.

यावर दोन उपाय सांगतात. एक, एचएप्रॉक्सी हा मधला प्रोग्राम लावून प्रॉक्सी प्रोटोकॉलने मूळ पत्ता डव्हकॉटला कळवणं. त्याने लॉगमध्ये खरा पत्ता दिसतो, पण घरच्या फायरवॉलपाशी पाकिटं अजूनही १०.८.०.१ कडूनच येतात, म्हणजे फेल२बॅनची बंदी हवेत वार. दुसरा उपाय बरा: मास्करेड काढायचं आणि घरच्या मशीनवर नियम घालायचा की १०.८.०.२ वरून निघणारी पाकिटं वेगळ्या राउटिंग टेबलने बोगद्यातूनच परत जातील. वायरगार्डच्या घरच्या टोकाला 'अलाउड आयपीज' सगळ्या जगाला खुलं, पण 'टेबल' बंद, म्हणजे घरचं बाकीचं इंटरनेट बोगद्यात ओढलं जात नाही.

एका सकाळी एकही पत्र आत येत नाही, पाठवणाऱ्यांना 'तुमचा आयपी काळ्या यादीत आहे' असं उत्तर, अगदी बँकेला आणि गूगललाही. स्पॅमहॉस सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून (डीएनएसच्या चौकशा करून देणारा सर्व्हर) आलेल्या चौकशांना खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ हा कोड देतं, ज्याचा अर्थ 'या वाटेने विचारू नका'. पोस्टफिक्सला कुठलंही उत्तर म्हणजे 'यादीत आहे' असं वाटलं, तर जग बंद. व्हीपीएसवर स्वतःचा अनबाउंड रिझॉल्व्हर बसवायचा, आणि नियमात फक्त १२७.०.०.२ ते ११ हेच कोड मोजायचे असं लिहायचं. दोन्ही करायचं, एक नाही.

चौथा बिघाड नव्वद दिवसांनी येतो. लेट्स एन्क्रिप्टचं टीएलएस प्रमाणपत्र ९० दिवसांचं. सर्टबॉट या प्रोग्रामने वेळेवर नवं आणलं, डिस्कवर ठेवलं, आणि डव्हकॉट जुनंच दाखवत राहिला, कारण त्याला कुणी रीलोड केलं नाही. नूतनीकरणानंतर चालणाऱ्या हुकमध्ये एक ओळ घातली की झालं. घरच्या मशीनला पोर्ट ८० वरची पडताळणी सीजीनॅटमुळे जमत नाही, डीएनएसची पडताळणी वापरावी.

जुनं मेल आणणं

आयमॅपसिंक या प्रोग्रामने. गूगल आयमॅपवरून एका खात्याला दिवसाला २,५०० एमबीच उतरवू देतं, त्यामुळे १४ जीबीच्या मेलबॉक्सला सहा दिवस. रात्री लावायचं, मर्यादा लागली की थांबतं, उद्या पुढे. 'ऑल मेल' हा फोल्डर वगळला नाही तर प्रत्येक पत्र दोनदा येतं आणि १४ चे २८ होतात. एमएक्स फिरवण्याच्या दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणला, सगळं स्थिरावल्यावर पुन्हा ३,६०० केला.

स्पॅम गाळायला व्हीपीएसवर आरस्पॅमडी, एक जीबीत बसतो. क्लॅमएव्ही हा अँटीव्हायरस तिथे बसवू नये. विषाणूंच्या खुणांनाच एक जीबीहून जास्त रॅम लागते आणि मग कर्नल पोस्टफिक्सलाच मारून जागा करतो.

घरातल्या धाकट्याला देवनागरीत पत्ता हवा होता, डॉट भारतवर. ते डोमेन २०१४ पासून मिळतं, पोस्टफिक्सला ३.० पासून असे पत्ते कळतात, जीमेलही घेतं. अडतं ते रेल्वे तिकिटापासून गॅस नोंदणीपर्यंतच्या फॉर्मांत, जिथे पत्त्याच्या रकान्यात देवनागरी टाकली की लाल अक्षरं येतात. हौसेला ठीक, एकमेव पत्ता म्हणून नको.

बॅकअप रोज रात्री, एन्क्रिप्ट करून, पुण्यातल्या नातेवाइकांकडच्या डिस्कवर. महिन्यातून एकदा एखादं फोल्डर खरंच परत आणून पाहायचं.

डोमेन विकणाऱ्या कंपनीकडचं खातं आणि व्हीपीएसचं खातं या दोन्हींचा संपर्क पत्ता याच डोमेनवर ठेवला होता. तो बदलून बाहेरच्या फुकट पत्त्यावर नेला. नाहीतर डोमेनची मुदत संपल्याची सूचना बंद पडलेल्या डोमेनवर येते, आणि पासवर्ड बदलायची लिंकही तिथेच.

शेवटी एक कागद. सर्व्हर सांभाळणारा माणूस आठवडाभर गावाला गेला आणि मशीन जळालं तर काय करायचं, ते त्यावर हाताने लिहिलेलं: डोमेन पॅनेलचं लॉगिन, कुठल्या भाड्याच्या सेवेकडे पाच मेलबॉक्स उघडायचे, एमएक्सच्या कोणत्या ओळीत काय घालायचं, एसपीएफमध्ये कोणती नोंद वाढवायची, पुण्याच्या डिस्कची किल्ली कुठे आहे. टीटीएल ३,६०० असल्यामुळे तासाभरात नवी पत्रं तिकडे जायला लागतात, आणि तोवर अडकलेली व्हीपीएसच्या रांगेत पाच दिवस धीर धरून बसतात. कागद घराच्या मूळ कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवला आहे.